मूळपुरुषाच्या जागी अळूवडी

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता काकांचा फोन आला. काका उठतात पाचला, पण रविवारी सातच्या आत कुणाला फोन करायचा नाही हे पथ्य पाळतात. म्हणजे दोन तास घड्याळाकडे बघत बसले असणार. आवाज चढलेला. "अरे, कुलवृत्तांत उघडला तर मूळपुरुषाच्या जागी अळूवडी दिसत्येय. हा काय प्रकार आहे?"

भावकीबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. आमच्या घरची चार संकेतस्थळं मी एका भाड्याच्या सर्व्हरवर सांभाळतो. एक ही अनुदिनी. दुसरा काकांचा कुलवृत्तांत. तो त्यांनी आधी छापला होता, मग आम्हा भाचे-पुतण्यांकडून टंकून घेतला, आणि आता त्यात दर महिन्याला कुणाचा तरी जन्म नाहीतर लग्न चढतं. तिसरं आत्याच्या पाककृतींचं, नाव अन्नपूर्णा. चौथं मेव्हण्याच्या गणिताच्या क्लासचं. शनिवारी रात्री हे सगळं बिऱ्हाड मी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं, बारा वाजता सगळं जागेवर बसलं असं समजून झोपलो, आणि सकाळी ही अळूवडी!

चूक पाच मिनिटांत सापडली. कुलवृत्तांताच्या सेटिंगची फाइल मी नव्या यंत्रावर नेली होती, पण चालू करायला विसरलो होतो. संध्याकाळी काकांकडे गेलो तेव्हा वाटलं होतं, चहा होईल, थोडी बोलणी खाईन, संपलं. पण काकांनी उभी हयात पोस्टात, रेल्वे मेलमध्ये पत्रं छाटण्यात घालवली आहे. पत्र चुकीच्या घरी गेलं तर का गेलं हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "यंत्र एक, घरं चार. मग आलेल्या माणसाला कुणाकडे जायचंय हे यंत्राला कळतं कसं?"

प्रश्न साधा वाटतो. पण खुद्द वेबच्या जनकाने वेबची पहिली भाषा ठरवली तेव्हा त्यात या प्रश्नाला जागाच ठेवलेली नव्हती. त्याचे परिणाम आपल्याला, म्हणजे मराठीत अनुदिन्या लिहिणाऱ्यांनाही, एकदा चांगलेच भोगावे लागले आहेत. काकांना जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

टिम बर्नर्स-ली याने स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना १९८९ साली मांडली. पहिला वेब सर्व्हर म्हणजे त्याच्या टेबलावरचा नेक्स्ट कंपनीचा काळा संगणक. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईची चिठ्ठी त्याने त्यावर चिकटवली होती. ते यंत्र चिठ्ठीसकट जपून ठेवलेलं आहे. एक यंत्र, एक संकेतस्थळ. तेव्हा दुसरी कल्पनाच कुणाला सुचायचं कारण नव्हतं.

त्यामुळे ब्राउझरने सर्व्हरशी काय बोलायचं याची जी भाषा त्याने बनवली (तीच ती एचटीटीपी), ती १९९१ साली एका ओळीची होती. 'गेट', आणि पुढे हव्या त्या पानाचं नाव. बस्स. कुठल्या संकेतस्थळाचं पान, हे त्यात नाहीच. का? तर ब्राउझर आधीच त्या यंत्राच्या दारात येऊन उभा आहे, मग दारातल्या माणसाला घराचं नाव कशाला सांगायचं?

आता दारापर्यंत येणं कसं होतं ते बघा. आपण संकेतस्थळाचं नाव टंकतो. ब्राउझर ते नाव महाजालाच्या पत्तेवहीत शोधतो आणि त्याला त्या यंत्राचा आकडी पत्ता मिळतो. पुढचा सगळा प्रवास आकड्यावर. नावाचं काम पत्तेवहीपाशी संपलं.

इथे काका ताठ बसले. "म्हणजे पाकिटावरचं नाव छाटणीतच फाडून टाकायचे? नुसत्या घर नंबरावर पत्र पाठवायचे?"

अगदी तसंच. आणि घरात एकच बिऱ्हाड असेल तोवर त्यात काही बिघडत नाही.

गंमत अशी की पोस्टासारखंच काम करणाऱ्या ईमेलच्या भाषेत ही चूक नव्हती. १९८२ साली ठरलेल्या ईमेलच्या नियमांत पत्र देताना 'अमुक व्यक्ती, तमुक ठिकाण' असा पुरता पत्ता सांगावा लागतो. त्यामुळे एकच यंत्र पाहिजे तितक्या ठिकाणांची टपाल कचेरी होऊ शकतं. उलट फाइली पाठवायची जी जुनी एफटीपी पद्धत होती, तिला ठिकाणाचं नाव सांगायची सोय मिळायला २०१४ साल उजाडलं. तोवर तिला फारसं कुणी विचारतही नव्हतं. असो.

तर १९९३-९४ च्या सुमारास वेब वाढायला लागलं आणि नेमकी ही फट दिसू लागली. विद्यापीठांचं निभत होतं. एका यंत्रावर शंभर विद्यार्थ्यांची पानं असली, तरी विद्यापीठाच्या पत्त्यापुढे वेलांटीसारखं वाकडं चिन्ह टाकायचं आणि त्यापुढे विद्यार्थ्याचं नाव. जिओसिटीजने हीच युक्ती धंद्यासाठी वापरली. १९९४ साली सुरू झालेल्या या स्थळावर वस्त्या होत्या. कलेसाठी एक, संगणकवेड्यांसाठी एक, तत्त्वज्ञानवाल्यांसाठी अथेन्स. त्या वस्तीत तुम्हाला चार आकडी घर नंबर मिळायचा. माझं पहिलं पान तिथलंच, १९९८ सालचं, सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून केलेलं. त्यावर एक फिरता पृथ्वीगोल होता आणि 'काम चालू आहे' अशी पाटी. ते काम कधीच पूर्ण झालं नाही. याहूने १९९९ साली जिओसिटीज विकत घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केलं. माझा पृथ्वीगोल त्यात गेला.

पण ही सगळी पोटभाडेकऱ्याची सोय. पत्ता मालकाचा, आपण आतल्या खोलीत. स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ हवं असेल तर? नाव नोंदवणं तेव्हाही फार अवघड नव्हतं. सप्टेंबर १९९५ पर्यंत तर ते फुकट होतं, मग दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. अडत होतं आकड्यापाशी. प्रत्येक नावाला स्वतंत्र आकडी पत्ता लागे, कारण सर्व्हरला घरं ओळखायची दुसरी खूणच नव्हती. मग सर्व्हरवाल्यांनी एका यंत्राच्या एकाच नेटवर्क कार्डाला दहा-वीस आकडी पत्ते द्यायला सुरुवात केली. या आकड्यावर कुणी आलं की हे घर, त्या आकड्यावर आलं की ते. म्हणजे वाडा एकच, पण प्रत्येक भाडेकरूसाठी रस्त्याकडच्या भिंतीत वेगळं दार फोडायचं.

भिंत किती फोडणार? ते आकडी पत्ते ३२ बिटांचे. सगळ्या जगात मिळून एकूण ४२९ कोटींच्या आसपास, त्यातलेही बरेच राखीव. प्रत्येक किराणा दुकानाच्या आणि भजनी मंडळाच्या नावामागे एकेक आकडा खर्ची घालायचा म्हटलं तर ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. (पुढे ते संपलेच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले.)

यावर जो तोडगा निघाला तो इतका लहान आहे की त्याला शोध म्हणायलाही संकोच वाटावा. ब्राउझरने आणखी एक ओळ बोलायची. 'गेट अमुक पान' म्हटल्यावर खाली 'होस्ट:' आणि त्यापुढे संकेतस्थळाचं नाव. पाकिटावरचं फाडलेलं नाव पुन्हा चिकटवायचं, इतकंच. पण ती ओळ ब्राउझरने पाठवायला हवी आणि सर्व्हरने वाचायला हवी, आणि दोघांनाही ती भाषेच्या पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता शिकायला हवी होती. १९९६ साली ते होऊ लागलं. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती ओळ जाऊ लागली. अपाचे नावाचा सर्व्हर, जो आदल्याच वर्षी काही प्रोग्रामर मंडळींनी आपापली ठिगळं एकत्र करून बनवला होता, त्याच्या १९९६ च्या मध्यावर आलेल्या १.१ या आवृत्तीला ती वाचता येऊ लागली. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ आवृत्ती लिखित स्वरूपात आली, तिने तर सक्तीच केली. जो ब्राउझर नाव सांगणार नाही, त्याला ४०० क्रमांकाची चूक दाखवून परत पाठवायचं.

या नियमांची सुधारलेली आवृत्ती जून १९९९ ची. ती मी नोकरीत असताना वाचली होती, म्हणजे वाचावी लागली होती. पावणेदोनशे पानांचा रुक्ष दस्तऐवज. पण अगदी मागे, परिशिष्टात, लेखकांनी सांगून ठेवलंय की या आवृत्तीत जे बदल केले त्यांतल्या सर्वात महत्त्वाच्या बदलांत ही होस्टची ओळ येते. एवढी मोठी गोष्ट आणि परिशिष्टात! आपल्याकडेही लग्नपत्रिकेत खरी माहिती 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या खालीच असते म्हणा.

मधल्या काळात अर्थातच जुने ब्राउझर शिल्लक होते. त्यांना ही ओळ ठाऊक नव्हती. ते आले की सर्व्हर काय करणार? अपाचेचा नियम असा की नाव कळलं नाही, किंवा सांगितलेल्या नावाचं घर सापडलं नाही, तर यादीतलं पहिलं घर उघडून द्यायचं. म्हणून शहाणे सर्व्हरवाले यादीत पहिल्या जागी कुणाचंच घर ठेवत नसत. तिथे एक साधं पान असे, त्यावर आतल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावं आणि त्यांचे दुवे. वाड्याच्या दिंडीपाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी असते तशी.

आमच्या अळूवडीचं गुपित हेच. नव्या सर्व्हरने काकांचं नाव विचारलं, त्या नावाचं घर चालू नव्हतं, म्हणून त्याने पहिलं घर उघडून दिलं. सेटिंगच्या फाइली अकारविल्हे वाचल्या जातात. आत्याची 'अन्नपूर्णा' इंग्रजी ए ने सुरू होते. आणि माझा शहाणपणा असा, की पहिल्या जागी पाटी लावायला मी गेली पंधरा वर्षं विसरतोय.

"म्हणजे ती कायम पहिली," काका म्हणाले. (आत्या त्यांच्याहून सात वर्षांनी लहान आहे. हा वाद जुना आहे.)

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग काका म्हणाले, "मग कुलवृत्तांताला वेगळं यंत्र घे. स्वतंत्र नंबर घे. पैसे मी देतो. दुसऱ्याच्या चुकीपायी आपलं दार बंद होऊ नये." आणि एकदम गप्प झाले. ते का गप्प झाले हे मला माहीत होतं. आम्हाला दोघांनाही २००६ चा जुलै आठवला.

माझ्या बाबांनी पानशेतच्या पुराच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. १२ जुलै १९६१. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात होतं, तळमजल्यावर. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं. बाबा चोवीस वर्षांचे, काका अठराचे. वाड्यात अकरा बिऱ्हाडं. त्यातली जी वर माडीवर होती त्यांनी खालच्यांना घरात घेतलं, मग माडीही सोडावी लागली, आणि भिंती मातीच्या होत्या. बाबांनी हे सगळं एका वहीत लिहिलं होतं, चाळीसेक पानं. २००६ साली मी नुकतीच ब्लॉगस्पॉटवर अनुदिनी उघडली होती. पुराला पंचेचाळीस वर्षं होत होती, तेव्हा ठरवलं, १२ जुलैपासून रोज एक भाग टाकायचा. बरहात टंकायचं, बाबांना वाचून दाखवायचं, मग चढवायचं. बाबांना स्वतःचं लिखाण पडद्यावर बघायचं भारी कौतुक. माझ्या आधी आंघोळ उरकून संगणकापाशी येऊन बसायचे.

आदल्याच दिवशी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. सात गाड्यांत सात स्फोट. पहिला भाग चढवावा की नाही अशा मनःस्थितीत आम्ही होतो. बाबाच म्हणाले, चढव, लोकांना वाचू दे की माणसं एकमेकांना कशी ओढून काढतात. चढवला.

पाचव्या की सहाव्या भागाला अनुदिनी उघडेना. लिहायचं पान उघडत होतं, कारण ते ब्लॉगर नावाच्या वेगळ्या पत्त्यावर होतं. टंकता येत होतं, 'प्रकाशित झालं' असा निरोपही येत होता. पण प्रकाशित झालेलं दिसत मात्र नव्हतं. आधी वाटलं माझ्या जोडणीचा दोष. मग इतर अनुदिनीकारांच्या ईमेली येऊ लागल्या. कुणाचीच उघडत नव्हती. मराठी, हिंदी, इंग्रजी, स्वयंपाकाची, कवितेची, शेअर बाजाराची, सगळ्या भारतभर ब्लॉगस्पॉट अंधारात.

झालं होतं ते असं. केंद्राच्या दूरसंचार विभागाने १३ जुलैच्या सुमारास इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना काही पत्ते बंद करायला सांगितलं होतं. दीड-एक डझन पत्ते, त्यांतल्या काही ब्लॉगस्पॉटवरच्या अनुदिन्या. पण ब्लॉगस्पॉटवरची लाखो नावं मागे मोजक्याच आकडी पत्त्यांवर राहत होती. पिढीजात वाडाच तो. वेगवेगळं नाव दिसायचं ते त्या होस्टच्या ओळीमुळे. ठराविक अनुदिनीच बंद करायची तर प्रत्येक विनंती उघडून ती ओळ वाचायला हवी, आणि त्यासाठी तशी यंत्रणा हवी. अख्खा पत्ता बंद करणं हे मात्र एका ओळीचं काम. बऱ्याच कंपन्यांनी सोपं ते केलं. आमच्या कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलाला मी तीनदा फोन केला. तो तीनही वेळा म्हणाला, सर, आमच्याकडून सर्व सुरळीत आहे.

असं पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. २००३ च्या सप्टेंबरात मेघालयातल्या एका गटाचं याहूवरचं एक चर्चापान बंद करायचा आदेश निघाला, तेव्हाही कंपन्यांनी याहूचे सगळेच गट बंद करून टाकले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ साली बालकांच्या अश्लील चित्रणाविरुद्ध कायदा केला. हेतू उत्तम. पण अंमलबजावणीत चारशेच्या आसपास वाईट स्थळांपायी ११ लाखांहून जास्त निरपराध स्थळं बंद झाली. सप्टेंबर २००४ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्याच्या आदल्या वर्षी, २००३ साली, हार्वर्डमधल्या बेन एडलमन या संशोधकाने मोजून दाखवलं होतं की डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्गमधल्या चालू नावांपैकी ८७ टक्के नावं आपला आकडी पत्ता दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाटून घेतात. म्हणजे स्वतंत्र बंगला हा अपवाद, वाडा हाच नियम. हे २००६ च्या आधी तीन वर्षं छापून आलेलं होतं.

आमच्या घरी मात्र याचं रूप वेगळं होतं. बाबांच्या वहीतला शेवटचा भाग उरला होता. पूर ओसरल्यावर वाड्याच्या जागी परत गेले तेव्हाचा. तो मी चढवला. अमेरिकेतल्या चुलतभावाला तो दिसला, त्याने रात्री फोन करून बाबांना सांगितलं, वाचला, आणि पुढे त्याला बोलवेना. ज्या गावातली ही हकिगत, त्या गावात ती कुणाला वाचता येत नव्हती. बाबा रोज सकाळी आंघोळ करून येऊन बसत आणि विचारत, "उघडलं का रे?"

मग एका मित्राने एक पळवाट कळवली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पाकिस्तानातही ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, डेन्मार्कच्या व्यंगचित्रांच्या प्रकरणात, आणि तिथेही असंच, थोड्यांपायी सगळं. तिथल्या मंडळींनी मधला एक दरवाजा बनवला होता, पीकेब्लॉग्ज नावाचा. तुम्ही त्या दाराला अनुदिनीचं नाव सांगायचं, ते आपल्या पत्त्यावरून जाऊन पान घेऊन यायचं. त्या जुलैत भारतातले अनुदिनीकार त्या दारातून ये-जा करू लागले. आमच्या बाबांनी नारायण पेठेच्या पुराची आपली हकिगत पाकिस्तान्यांनी आपल्या लोकांसाठी उघडलेल्या दारातून वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्यांना थँक्यू लिही." मी लिहिलं होतं.

साधारण आठवड्याभरात सगळं सुरू झालं. विभागाने कंपन्यांना कळवलं की सांगितलं होतं तेवढंच बंद करा, बाकीचं उघडा. आमच्या जोडणीवर उघडायला आणखी दोन दिवस लागले. बाबा २०१३ साली गेले. त्यांची ती पानं आता कुलवृत्तांतात आहेत, सातव्या पिढीच्या नोंदीखाली. म्हणून काकांना त्या स्थळाची इतकी काळजी.

"म्हणूनच म्हणतो, वेगळा नंबर घे," काका म्हणाले. "वाड्यात एकाकडे धाड पडली की दिंडी सगळ्यांची बंद."

मी त्यांना खरं ते सांगितलं. वेगळा आकडी पत्ता आजही मिळतो, त्याचे थोडे वेगळे पैसे पडतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत तर एका कारणासाठी तो घ्यावाच लागे. संकेतस्थळाला कुलूपवालं, म्हणजे सुरक्षित करायचं असेल तर. त्या प्रकारात ब्राउझर आणि सर्व्हर आधी बंद पाकिटातून बोलायचं ठरवतात आणि मगच होस्टची ओळ जाते. पण पाकीट बंद करण्यापूर्वी सर्व्हरला आपलं ओळखपत्र दाखवावं लागतं. आता चार घरांपैकी कुणाचं ओळखपत्र दाखवायचं? नाव तर अजून पाकिटातच आहे! पुन्हा तोच १९९१ चा गोंधळ, एक मजला वर. त्यावर २००३ साली उपाय लिहिला गेला, की पाकीट बंद होण्याआधी नाव उघड्यावर सांगायचं. पण विंडोज एक्सपीवरच्या एक्सप्लोररला तो कधीच कळला नाही, आणि आपल्याकडे एक्सपी कुठे नव्हतं? बँकेत, शाळेत, सायबर कॅफेत. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये काढून घेतला, आणि डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट ओळखपत्रं सर्वांना मिळू लागली, तेव्हा कुठे आमच्या भजनी मंडळ छाप स्थळांना कुलूप परवडायला लागलं. आमच्या चारही घरांची नावं तर मी एकाच ओळखपत्रावर घेतली आहेत. त्यामुळेच काकांच्या जागी अळूवडी आली तरी ब्राउझरने तोंडातून ब्र काढला नाही. ओळखपत्र बरोबर होतं, घर चुकलं होतं.

पण वेगळा आकडा घेऊन काकांची भीती जाते का? माझ्या मते नाही. आज मोठमोठी स्थळंसुद्धा मधल्या कंपन्यांच्या सामायिक पत्त्यांमागे राहतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये रशियाने टेलिग्राम बंद करायच्या नादात ॲमेझॉन आणि गूगलचे एक कोटीहून अधिक पत्ते बंद केले होते. दुकानं, खेळ, बरंच काही अडकलं, आणि टेलिग्राम चालूच राहिलं. स्वतंत्र आकडा असला तरी यंत्र भाड्याचं, इमारत भाड्याची, तार भाड्याची. कुठल्या तरी दिंडीतून जावंच लागतं. शिवाय हेही आहे, की त्या एका ओळीने वाड्यात जागा झाली नसती, तर आमच्यासारख्यांना स्वतःच्या नावाची पाटी परवडलीच नसती. कुलवृत्तांत छापील राहिला असता, आत्याची अळूवडी वहीत, आणि बाबांची पानंही वहीतच. मला विचाराल तर मी २००६ धरूनही वाडाच घेईन. फक्त मजकुराच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतो, हे मी तेव्हापासून शिकलोय.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि ती दिंडीवरची पाटी?"

ती या आठवड्यात लावली. यादीत सर्वांच्या आधी आता एक साधं पान आहे, चार नावं आणि चार दुवे. मजकूर काकांनी सांगितला. नावं वयाच्या क्रमाने हवीत असा त्यांचा आग्रह होता. त्यावर आत्याने फोन करून विचारलं की कुणाच्या वयाच्या, माणसाच्या की स्थळाच्या, कारण अन्नपूर्णा कुलवृत्तांताच्या दोन वर्षं आधीची आहे. शेवटी अकारविल्हे ठरलं, मराठी. त्यातही 'अ' आलाच. काकांनी अजून ते पान पाहून मला ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका कळवल्या आहेत. त्या आज रात्री दुरुस्त करतो.